सर्व्हरवरचा शॉर्टकट उघडला की येणारी ती चौकट, आणि ती नीट घालवून देणारं गोलाणीतलं दुकान

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमधे अकरा वर्षं अकाउंट बघते. ऑफिसात कॉम्प्युटरचा वेगळा माणूस नाहीये, त्यामुळे प्रिंटर अडकला, नेट गेलं, काही झालं की पहिली हाक मलाच. जानेवारीत गोलाणी मार्केटमधल्या एका छोट्या दुकानाने आमचं एक काम करून दिलं आणि ते इतकं नीट केलं की लिहायचंच ठरवलं, कारण हाच त्रास जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत चालू असणार, माझ्या बहिणीच्या अमळनेरच्या ऑफिसात तर हुबेहूब हेच चालू आहे. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. मालकच म्हणाले की ताई नाव नका टाकू, आम्ही दोघंच जण आहोत, फोन वाढले तर आहे त्या गिऱ्हाइकांचंच काम मागे पडेल. त्यांचं म्हणणं पाळते.

तर त्रास काय होता ते आधी. आमच्याकडे सात कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीत एक सर्व्हर. सर्व्हर म्हणजे काही मोठं मशीन नाही, साधाच टॉवर, यूपीएसवर चोवीस तास चालू. त्याच्यावर वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, गेटपासचं आणि मालाचा ओलावा-मातेरं लिहायचं असे तीन प्रोग्राम आहेत आणि बाकी सगळ्यांच्या डेस्कटॉपवर त्यांचे शॉर्टकट. तिन्ही प्रोग्राम फार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या पोराकडून करून घेतलेले, अजून छान चालतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून शेठनी दिवाळीत जुना सर्व्हर काढून नवा विंडोज ११ चा घेतला, ज्याच्याकडून घेतला त्याच्याच माणसाने सगळा डेटा चढवून दिला, सगळ्यांचे शॉर्टकट नव्याने करून दिले आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून कुठलाही शॉर्टकट डबल क्लिक केला की चौकट यायला लागली. वरती 'ओपन फाइल - सिक्युरिटी वॉर्निंग', आत ही फाइल कोणी बनवली ते आम्हाला तपासता येत नाही, तरी चालवायची का, आणि खाली रन आणि कॅन्सल. रन दाबलं की प्रोग्राम नीट उघडतो. म्हणजे बिघाड काहीच नाही, फक्त दर वेळेला विचारणार.

आता ऑफिसात बसणाऱ्याला हे एवढं जड वाटत नाही, सकाळी एकदा उघडलं की संध्याकाळपर्यंत उघडंच असतं. पण काट्यावर तसं नसतं. गाडी आली की काटा उघडायचा, वजन घ्यायचं, तो बंद करून गेटपास, मग ओलाव्याचं, परत पुढची गाडी. तुरीच्या सीझनमधे बुलडाणा-अकोल्याकडून गाड्या येतात, रस्त्यापर्यंत रांग लागते, आणि प्रत्येक गाडीला तीन-तीन वेळा ती चौकट. काट्यावरचे आमचे आबा दर तासाला फोन करायचे, "ताई, ते परत इचारी ऱ्हायनं, आते काय करू?" मी म्हणायची आबा रन दाबा. "दाबी दिधं." आणि परत पुढच्या गाडीला तेच.

वेळ जातो ते सोडा, मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटायला लागली. माणूस वाचायचंच बंद करतो. दिवसातून पन्नास वेळा रन दाबायचं म्हटल्यावर हात आपोआप जातो. डिसेंबरमधे आमच्या बिलिंगच्या पोराला एक मेल आला, वाहतुकीचं बिल म्हणून जोडलेली फाइल, त्याने उघडली, चौकट आली, त्याने सवयीने रन दाबलं. नशीब अँटीव्हायरसने तिथल्या तिथे धरली ती फाइल. पोराला विचारलं अरे वाचलं नाहीस का काय लिहिलंय, तर तो म्हणाला ताई ती रोजचीच चौकट होती ना. मला त्याला रागवता आलं नाही, कारण आम्हीच त्याला दोन महिने शिकवलं होतं की चौकट आली की रन दाबायचं. २०१७ च्या मे महिन्यात ते वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं, आलं होतं तेव्हा नेटवर्कवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर जाऊन कुठल्या कुठल्या देशातली हॉस्पिटलं अडकली होती, आमच्या सर्व्हरवर तर शेतकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची सगळी देणी-घेणी आहेत, ते जर कुलूपबंद झालं तर मिल उभी राहील.

म्हणून पहिला जो माणूस बोलावला त्याच्याबद्दल थोडं लिहिते, नाव-गाव काही लिहीत नाही. तो तीनदा आला, दर वेळेला आठशे रुपये. पहिल्यांदा त्याने माझ्या मशीनवर प्रॉपर्टीजमधे जाऊन अनब्लॉकचा टिक शोधला, तो तिथं नव्हताच, मग शॉर्टकट डिलीट करून परत बनवले, चौकट तशीच. दुसऱ्यांदा माझ्या मशीनवर युजर अकाउंट कंट्रोलची ती पट्टी असते ती एकदम तळाला ओढली, म्हणजे स्क्रीन काळपट होऊन परवानगी मागतो तेच बंद. तरी ही चौकट तशीच आणि काट्याच्या मशीनवर त्याने शॉर्टकटला 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' लावून ठेवलं. तिसऱ्यांदा त्याने इंटरनेट ऑप्शन्समधे काहीतरी केलं आणि दोन मशीनवरची चौकट खरंच गेली. मी खूश झाले. मग चार दिवसांनी मी एका ठिकाणाहून प्रिंटरचा ड्रायव्हर डाउनलोड केला, उघडला, आणि तो काहीही न विचारता थेट चालायलाच लागला. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नको तो प्रश्नही त्याने बंद करून टाकला होता आणि हवा तोही.

मग गोलाणीत गेले. आमच्या इकडच्यांना सांगायला नको, मोबाईल-कॉम्प्युटरचं काही असलं की माणूस गोलाणीतच जातो. दुकान आतल्या बाजूला आहे, समोर काच नाही, शोकेस नाही, दोन टेबलं आणि उघडलेली मशीनं. मालक पन्नाशीचे, आणि एक पोरगा आहे पारोळ्याकडचा, बोलायला एकदम शांत. मला पहिल्यांदा जे आवडलं ते हे की मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी लगेच उपाय नाही सांगितला. पोराने विचारलं, "ताई, चौकटीत फ्रॉमच्या पुढे काय लिहिलंय?" मी म्हटलं ते कोण वाचतं. तो म्हणाला, "उत्तर तिथंच असतं बहुतेक. उद्या फोटो काढून पाठवा, सगळ्या मशीनचे वेगवेगळे." फोनवर बघूनच निम्मं काम झालं असं नंतर कळलं.

दोन दिवसांनी म्हणाला होता, पाचव्या दिवशी आला, हे एक नोंदवून ठेवते. सीझनमधे तीन दिवस उशीर म्हणजे आम्हाला जड गेलं. पण आल्यावर त्याने जे केलं ते बघण्यासारखं होतं.

पहिला अर्धा तास त्याने काहीच बदललं नाही. सातही मशीनवर जाऊन फक्त शॉर्टकट उघडायचा, चौकट आली तर वाचायची, वहीत लिहायचं. मला शेजारी बसवलं आणि एकेक ओळ बोटाने दाखवली. नेम म्हणजे फाइल कुठली. टाइप म्हणजे ती काय आहे, प्रोग्राम की शॉर्टकट. पब्लिशर म्हणजे कोणी सही केलीय, आमच्या प्रोग्रामवर अननोन, कारण त्या पोराने कधी डिजिटल सही लावलीच नव्हती. फ्रॉम म्हणजे कुठून आली, तिथं दोन उलट्या रेघा आणि मग १९२.१६८.१.१० असा आकडा. आणि एकदम खाली बारीक अक्षरात एक ओळ, जी मी दोन महिन्यांत एकदाही वाचली नव्हती, की ही फाइल तुमच्या लोकल नेटवर्कच्या बाहेरच्या ठिकाणी आहे. तो म्हणाला, "ताई, सर्व्हर भिंतीपलीकडे आहे आणि विंडोज म्हणतंय बाहेर आहे. त्याला बाहेर का वाटतंय एवढंच शोधायचंय."

आणि कारण असं निघालं. विंडोज प्रत्येक फाइलला ती कुठून आली त्यावरून एका झोनमधे टाकतं. स्वतःच्या मशीनवरची एक, ऑफिसच्या आतल्या नेटवर्कची दुसरी, म्हणजे लोकल इंट्रानेट, मग ट्रस्टेड, मग इंटरनेट, मग रिस्ट्रिक्टेड. ऑफिसातली आहे की बाहेरची हे ते ठरवतं पत्त्याकडे बघून. पत्ता साध्या एका शब्दाचा असला, म्हणजे मशीनचं नाव, तर ऑफिसातलं असू शकतं असं धरतं. पत्त्यात टिंबं असली की ते इंटरनेटवरच्या साइटसारखं दिसतं, आणि आयपी आकड्यात, म्हणजे नेटवर्कवर मशीनला जो आकडी पत्ता असतो त्यात, तर तीन टिंबं. जुन्या सर्व्हरचे शॉर्टकट नावाने होते आणि फार पूर्वी कोणीतरी ते नाव इंट्रानेटच्या यादीत टाकून ठेवलं होतं, म्हणून इतकी वर्षं कधी चौकट आली नाही. नव्या माणसाने सरळ आकड्याने शॉर्टकट केले आणि त्या दिवसापासून विंडोजच्या हिशोबाने आमचा काटा इंटरनेटवर गेला. त्यात आमच्याकडे डोमेन, म्हणजे सगळी मशीनं एका जागेवरून सांभाळायची सोय, नाही, साधं वर्कग्रुप आहे, त्यामुळे 'आपोआप ओळख' हा जो पर्याय असतो त्याला ऑफिसचं नेटवर्क ओळखताच येत नाही.

शेठच्या केबिनमधल्या मशीनवर चौकट का येत नव्हती तेही तिथंच सुटलं. शेठनी नवा शॉर्टकट वापरलाच नव्हता, सर्व्हरला जुनंच नाव दिलंय म्हणून त्यांचा जुना नावाचा शॉर्टकट चालूच राहिला होता. आम्ही इतके दिवस म्हणत होतो शेठचं मशीन भारी आहे म्हणून येत नसेल.

अनब्लॉकचा टिक का सापडला नाही तेही त्याने समजावलं, आणि हे मला वाटतं बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. नेटवरून डाउनलोड केलेल्या किंवा मेलमधून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी चिकटवून ठेवतं, ही इंटरनेटवरून आलीय अशी. ती चिठ्ठी असली तरच प्रॉपर्टीजमधे अनब्लॉक दिसतं आणि ते केलं की चिठ्ठी निघते. आमच्या प्रोग्रामवर अशी चिठ्ठी नव्हतीच, तो प्रोग्राम चुकीच्या पत्त्यावर आहे एवढंच विंडोजचं म्हणणं होतं, मग टिक कुठून दिसणार आणि शॉर्टकट कितीही वेळा नवा केला तरी काय फरक पडणार. एका मशीनवर मात्र खरंच चिठ्ठी होती, डिस्पॅचच्या, कारण तिथल्या मुलीने शॉर्टकट मेलवरून झिपमधून मागवून घेतला होता. तो त्याने अनब्लॉक केला. म्हणजे चौकट दिसायला सगळीकडे सारखीच, आणि कारणं दोन.

काट्यावर तर दोनदा विचारायचं. आधी ही राखाडी चौकट आणि मग स्क्रीन काळपट होऊन या ॲपला बदल करू द्यायचे का. आम्ही दोन्ही एकच समजत होतो. पोरगा म्हणाला ही दोन वेगळी माणसं आहेत दारावरची, पहिला विचारतो कुठून आलास, दुसरा विचारतो घरात बदल करायची परवानगी आहे का. दुसरा प्रश्न येत होता तो त्या 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'मुळे, जो आधीच्याने लावला होता. त्याने तो टिक काढला, काटा साधाच चालवून बघितला, वजन आलं, पावती छापली, सेव्ह झालं. गरजच नव्हती. आबा मागे उभे राहून बघत होते, म्हणाले, "माले आधीच वाटे, याले कशाले पायजे साहेबाची परवानगी."

आता खरा उपाय. त्याने आधी आधीच्या माणसाने केलेलं सगळं परत जागेवर आणलं. युजर अकाउंट कंट्रोलची पट्टी वर. इंटरनेट झोनमधे 'लॉन्चिंग ॲप्लिकेशन्स अँड अनसेफ फाइल्स' म्हणून एक ओळ असते, ती एनेबल करून ठेवली होती, ती परत प्रॉम्प्टवर, म्हणजे आधी विचार. याच एका ओळीमुळे माझा ड्रायव्हर न विचारता चालला होता, इंटरनेटवरून आलेलं काहीही चालव असा त्याचा अर्थ होतो. अजून एक प्रकार लोक करतात म्हणे, ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींचा प्रकारच, लो रिस्कच्या यादीत टाकून देतात, त्याला तर तो हात लावायलाच तयार नव्हता. म्हणाला, "ताई, एका माणसाला आत सोडायचंय म्हणून दार काढून ठेवायचं का?"

मग कंट्रोल पॅनल, इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, लोकल इंट्रानेट, साइट्स. तिथं आपोआप ओळखायचा टिक काढला, ॲडव्हान्स्डमधे गेला आणि दोनच नोंदी टाकल्या, सर्व्हरचं नाव आणि त्याचा आयपी, दोन्हींच्या आधी फाइल आणि कोलन आणि दोन रेघा. बास. इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ च्या जूनमधे बंद केलं तरी हे सेटिंग अजून त्याच जुन्या खिडकीत आहे आणि विंडोज ११ पण तेच वाचतं, हे मला माहीतच नव्हतं, मी समजत होते ते सगळं गेलं. मग राउटरमधे जाऊन सर्व्हरचा आकडा त्याच्यासाठी राखून ठेवला, नाहीतर लाइट जाऊन आल्यावर आकडा बदलला की शॉर्टकटही मेले आणि यादीतली नोंदही फुकट. सगळे शॉर्टकट परत नावाने करून दिले. 

आणि मग त्याने जे केलं त्यासाठीच मी खरं तर हे लिहायला बसले. मला खुर्चीत बसवून म्हणाला, आता तुम्ही तपासा. काट्याचा शॉर्टकट डबल क्लिक केला, थेट उघडला, काही नाही. मग त्याने नेटवरून एक छोटा प्रोग्राम डाउनलोड केला आणि म्हणाला, आता हा उघडा. चौकट आली. "ही यायलाच पाहिजे. ही आली नाही त्या दिवशी मला फोन करा." बिलिंगच्या पोरालाही बोलावून दाखवलं. आजपासून ऑफिसात ही चौकट दिसली की थांबायचं आणि ताईंना विचारायचं, कारण आता ती रोजची राहिलेली नाही. दोन महिन्यांत जे मला त्या पोराला सांगता येत नव्हतं ते याने दोन क्लिकमधे दाखवलं.

अजून एक काम त्याने न सांगता काढलं. म्हणाला आता तुमच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामला विंडोज विचारणार नाही, मग त्या प्रोग्रामच्या जागी कोणी दुसरंच काही ठेवून दिलं तर? बघितलं तर सर्व्हरच्या फोल्डरवर एव्हरीवन, फुल कंट्रोल. कोणीही काहीही पुसू शकत होतं, बदलू शकत होतं. त्याने प्रोग्रामचं फोल्डर सगळ्यांना नुसतं वाचायला ठेवलं आणि डेटाच्या फोल्डरला तेवढं लिहायची परवानगी. शेअरची परवानगी वेगळी आणि डिस्कवरची वेगळी असते आणि दोन्हींत जी कडक ती चालते, म्हणून दोन्हीकडे बघावं लागतं. हे केल्यावर गेटपास उघडेना, एरर आली. त्याने घाईघाईत सगळं परत मोकळं नाही केलं, शांतपणे शोधलं की तो प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरमधल्या एका सेटिंगच्या फाइलमधे लिहितो, फक्त त्या एका फाइलला परवानगी दिली. यात पाऊण तास गेला. जेवायची वेळ झाली होती, डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत होतं, त्याला आग्रहाने बसवलं, चार घास खाल्ले आणि परत त्याच एररपाशी जाऊन बसला.

बोनस म्हणजे पीडीएफचं. ऑक्टोबरपासून सर्व्हरवरची बिलं फोल्डरमधे उजव्या बाजूला प्रीव्ह्यूत दिसायची बंद झाली होती, त्या जागी ही फाइल धोक्याची असू शकते असं यायचं. मी तो वेगळाच बिघाड समजून गप्प होते. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून इंटरनेट झोनमधल्या फाइलींचा प्रीव्ह्यू विंडोजने बंद केलाय आणि आमचा सर्व्हर तर इंटरनेटमधे मोजला जात होता. यादीत नाव गेल्यावर एकदा लॉगआउट होऊन आले तर प्रीव्ह्यू परत. जीएसटीच्या आठवड्यात मला याचा किती फायदा झाला ते मलाच माहीत, एकेक बिल उघडून बंद करण्यात दिवस जायचा.

आता जे नीट झालं नाही तेही लिहिते. त्याच रात्री साडेनऊला रात्रपाळीच्या काटेवाल्याचा फोन, चौकट येतेय. मी म्हटलं असं कसं, दुपारी माझ्या डोळ्यांसमोर गेली. सकाळी दुकानात फोन केला तर पोराने लगेच ओळखलं, "रात्रीच्या भाऊंचा लॉगिन वेगळा आहे का?" होता. हे झोनचं सेटिंग मशीनला नाही, त्या त्या लॉगिनला लागतं. ज्या मशीनवर दोघं बसतात तिथं दोघांच्या लॉगिनमधे जाऊन करावं लागतं. त्याने येतानाच विचारायला हवं होतं की कुठल्या मशीनवर किती लॉगिन आहेत, आणि मी पण आपणहून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळेला येऊन करून गेला, पैसे घेतले नाहीत, आणि मालकांनी स्वतः फोन करून चुकलं म्हणून सांगितलं. मशीनं जास्त असली की हेच ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या खिडकीतून, 'साइट टु झोन असाइनमेंट लिस्ट'मधे टाकतात, सर्व्हरचं नाव आणि पुढे १, एक म्हणजे इंट्रानेट. पण त्याला विंडोजचं प्रो व्हर्जन लागतं, होमवर ती खिडकीच नसते, आमची चार मशीनं होमची, म्हणून हातानेच केलं.

पैसे सांगते. येण्याचे पाचशे आणि कामाचे दीड हजार, एकूण दोन हजार. शेठ आधी म्हणाले एवढे कशाला, एक टिक तर लावलाय. मी त्यांना आधीच्याचे चोवीसशे दाखवले आणि ड्रायव्हरचा किस्सा सांगितला, त्यावर काही बोलले नाहीत, चेक दिला. बिल छापील मिळालं, आणि मागे पोराने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय कुठल्या मशीनवर काय बदललं, आधी काय होतं, आता काय आहे. तो कागद मी सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय. अकरा वर्षांत एवढे कॉम्प्युटरवाले आले, असं लिहून देणारा हा पहिला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो तीन दिवसांच्या उशिराचा आणि रात्रपाळीच्या लॉगिनचा मिळून. त्यांच्याकडे जायचं असेल तर सीझनच्या गर्दीत जाऊ नका, सकाळी अकराच्या आत जा, दुपारी दोघंही बाहेर कामावर असतात. आणि जाण्याआधी चौकटीचा फोटो काढून न्या, नुसतं सिक्युरिटीचं काहीतरी येतंय असं सांगू नका, नेम, पब्लिशर आणि फ्रॉम या तीन ओळी दिसल्या पाहिजेत. मशीनवर किती लॉगिन आहेत तेही लिहून न्या.

जाता जाता पोराने सर्व्हरच्या खोलीकडे बघून सांगितलं की ताई, वर पत्रा आहे, एप्रिलच्या आत हे मशीन इथून हलवा. खरंय, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या खोलीत तर माणूस उभा राहू शकत नाही. शेठना सांगून झालंय, लॅबच्या शेजारची खोली मोकळी करतोय. हलवताना केबल आणि राउटरचं त्यालाच बोलावणार आहे, आणि त्याच फेरीत त्याला अमळनेरला बहिणीच्या ऑफिसात घेऊन जायचं ठरलंय, तिच्याकडे तर सगळे शॉर्टकट आयपीनेच आहेत आणि पंधरा लॉगिन. ते झालं की इथंच खाली लिहीन.